बाटलीवरचे कांदे आणि झुंबरबाईंचा रस्सा

राजारामपुरी, कोल्हापूर
गुरुवार, ता. ५ एप्रिल १९७९

तीर्थरूप बाळासोदादास,

चिमणाबाईचा नमस्कार. वाकून करत होते, पण कंबर धरली आहे, म्हणून अर्धा वाकून आणि अर्धा मनानं केला, दोन्ही मिळून एक धरून घे. (वर तीर्थरूप लिहिलं म्हणून खाली तुम्ही-आम्ही करणार नाही. तू तूच.) तू सातवी पास, मी दुसरीतून उठलेली, त्यामुळं तुझ्यासाठी आहे-नाही असं शाळेतलं घालून लिहिते. मधेच हाय-न्हाय पडलं तर गप वाचायचं, मागच्यासारखं तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत धाडायचं नाही. तुझा दमा कसा आहे? वैनीच्या टाचेची भेग भरली का? मी सांगितलेलं मेण लावलं नसणारच. म्हैस व्याली का, आणि व्याली असली तर खरवस कुणी खाल्ला? इकडं सगळं बरं आहे. आमचे हे तपकीर ओढतात आणि शिंकतात. कालिंदीची तोंडी परीक्षा काल झाली, पास झाली. आणि कुणीही मेलेलं नाही. हे शेवटचं एरवी पत्रात लिहायची रीत नाही, पण तुझं कार्ड काल संध्याकाळी वाचल्यापासून लिहावं असं वाटायला लागलं.

कार्डात तू लिहितोस, की आकारामनं सांगितलं, चिमणीनं पाहुण्यांना विष घातलं, पोरगी पाहुण्यांदेखत कचरा उपसत बसली, ठरत आलेलं स्थळ गेलं, आणि आता परीक्षा झाली काय नि राहिली काय, शनिवारी येऊन कालिंदीला घेऊन जातो, शिक्षण बास. दादा, आकाराम आपला चुलतभाऊ आहे म्हणून मी जास्त बोलत नाही. पण त्या माणसाला अर्धं दिसतं आणि उरलेलं अर्धं तो आपल्या मनानं वाढून घेतो. (रविवारी मटण मात्र त्यानं आपल्या मनानं नाही, माझ्या पातेल्यातनं वाढून घेतलं, दोनदा.) म्हणून आता पूर्ण ऐक. पोस्टावर माझा भरवसा नाही, हे पत्र राधानगरी गाडीच्या कंडक्टरच्या हातात देणार आहे, म्हणजे शनिवारच्या आत तुला पोचेल आणि तू टोपी घालून निघायचा नाहीस.

तुझी पोरगी दोन वर्षं माझ्याकडं राहून एमेस्सी करते, आणि तू गावभर सांगतोस की ती कांद्यावर एमेस्सी करते. मीही तेच सांगत होते, त्यावरून भाजीवाली मला आंबट तोंड करून विचारायची, मग बटाट्यावर कोण करतंय. तर कांदा नुसता हाताशी असतो म्हणून. खरा विषय पेशी. आपलं अंग, कांद्याचं मूळ, म्हशीची शेपटी, सगळं बारक्या बारक्या खोल्यांचं बांधलेलं असतं, त्या खोलीला पेशी म्हणायचं. वाढायचं म्हणजे एका खोलीच्या दोन करायच्या. म्हणजे वाटणी. वाटणी म्हटल्यावर मला आपल्या चुलत्यांची आठवली, पाटा एकाकडं गेला आणि वरवंटा दुसऱ्याकडं, आणि दोन्ही घरं बारा वर्षं बिनचटणीची जेवली. पेशी असला वेडेपणा करत नाही. ती आधी घरातल्या महत्त्वाच्या जिनसांची हुबेहूब जोडी करून घेते, सगळ्या जोड्या मधोमध एका रांगेत आणून उभ्या करते, आणि मग दोन्ही टोकांकडनं दोर लावून प्रत्येक जोडीतला एक इकडं आणि एक तिकडं ओढते. मग मधे भिंत घालते. (भिंत कांद्यात. माणसाच्या पेशीत भिंत नसते, तिथं मधोमध नाडी आवळतात, बटव्याची आवळावी तशी, की एका बटव्याचे दोन. हे ऐकल्यापासून मला पानाचा बटवा आवळताना उगीच धास्ती वाटते.)

आणि हे दोर, ही नाडी, सगळं प्रथिनांचं. मला वाटायचं प्रथिनं डाळीत असतात, अंड्यात असतात, डॉक्टर बाळंतिणीला खा म्हणतो. ती तीच, पण पेशीत ती बसून खात नाहीत, राबतात. एका जातीची प्रथिनं मण्याला मणी लागावा तशी लागून दोर होतात. दोर वाढवायचा तर टोकाला मणी लागतात, आखडायचा तर मणी सुटतात, कातर नको की गाठ नको. दुसऱ्या जातीची त्या दोरांवरनं हमालासारखी ओझी ओढत असावीत असं मोठ्या लोकांना वाटतं, पण अजून कुणी त्यांना पुरतं पकडलेलं नाही. मी विचारलं, एवढी माणसं कामावर, तर मुकादम कोण? सगळ्या जोड्या रांगेत आल्या, आता ओढा, हे सांगतं कोण? तर कालिंदी माझ्याकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "आत्ती, तेच तर कुणाला ठावं न्हाई." दोन वर्षांची फी भरून हे उत्तर. मी मनात म्हटलं, आपल्या वाडीवस्तीवरसुद्धा मुकादम माहीत असतो.

आता बाटल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तिनं बाटल्या मांडल्या, प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा बसवला, बूड पाण्यात, म्हणजे खाली मुळं सुटतात. त्या मुळांची टोकं कापून काचेवर चिरडून ती दुर्बिणीसारख्या यंत्रातनं बघते. पांढरा दोरा बांधलेल्या बाटल्यांत साधं पाणी. तांबडा दोरा बांधलेल्यांत औषध. औषधाचं नाव तिनं मला शिकवलं, कोलचिसीन का काय, मी ते सोडून दिलं. ते औषध मण्यांना धरून बसतं, दोर वळूच देत नाही. मग जोड्या तयार असतात, पण ओढायला कुणी नाही. वाटणी होतच नाही आणि मूळ टोकाला नुसतं फुगतं, मुगाच्या दाण्यासारखं. आपल्याकडं रानात कुंपणावर कळलावी चढते ना, लाल-पिवळ्या फुलांची, जिच्या कंदाला आई हात लावू द्यायची नाही, तिच्यातही हेच विष. म्हणजे माझ्या खिडकीत काय होतं ते तुझ्या ध्यानात आलं. माझ्या ध्यानात तेव्हा आलं नव्हतं. ती म्हणाली होती, आत्ती, तांबड्या दोऱ्याला हात लावू नका. मी म्हटलं, बरं. मी बरं म्हणते तेव्हा ऐकलेलं असतंच असं नाही.

तर रविवारी सकाळी दारात आकाराम, आणि त्याच्यामागं कागलकडच्या झुंबरबाई नि त्यांचे मालक. तूच धाडलेले पाहुणे, पोरगी बघायला. कळवलं नव्हतंस. (कळवलं होतं म्हणशील. कार्ड सोमवारी आलं.) कालिंदी पहाटेच विद्यापीठात गेलेली, ह्यांना मटण आणायला पिटाळलं, वाटण करायला बसले तर टोपलीत कांदा नाही. ह्यांना परत धाडावं तर ते वाटेत कुणाशी बोलत उभे राहणार आणि रस्सा रात्री होणार. समोर खिडकीत बघते तर कांद्यांची रांग. दादा, तू असतास तर काय केलं असतंस? मी बाटल्यांवरनं कांदे उचलले, मुळं खुडून बादलीत टाकली (ती बादली शेजारच्या शेळीची), कांदे चिरले, भाजले, वाटले. बाटल्या धुऊन दोऱ्यांसकट पालथ्या घातल्या. तांबडा रस्सा असा झाला, की झुंबरबाईंनी तीन वाट्या प्यायल्या आणि घाम पुसत विचारलं, कांदा कुठला म्हणायचा हा, लई गोड हाय. मी म्हटलं, घरचाच.

पाहुणे जेवून भिंतीला टेकले, आकाराम पान लावत बसला, आणि कालिंदी आली. पाहुण्यांना बघून पदर घेतला, नमस्कार केला, सगळं नीट. मग पाणी आणायला आत गेली आणि तिला खिडकी दिसली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली उष्टी ताटं खाली ठेवली. तिनं हळूच विचारलं, कांदे कुठं आहेत. मी बाहेरच्या खोलीकडं बोट केलं. तिनं विचारलं, कुठल्या दोऱ्याचे. आता दोरे बाटल्यांना, कांद्यांना नाहीत, आणि बाटल्या मी धुतलेल्या. मला आठवेना. घाईत केलेलं काम हाताला आठवतं, डोक्याला आठवत नाही. कांद्याची मुळं कुठं टाकलीत म्हणाली. मी बादली दाखवली. तिनं ती बादली ओढून परसात नेली, नवं लुगडं तसंच, उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी साली, हाडं, शेंगांची टरफलं बाहेर काढायला लागली. एकेक मूळ बोटावर धरून उजेडात बघायची. फुगीर टोक असलं तर औषधाचं, बारीक असलं तर साध्या पाण्याचं. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात जोतिबाला नारळ बोलत होते. आधी एक बोलले, मग पाच, मग तोरण.

आणि पाणी आलं नाही म्हणून झुंबरबाई परसाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. समोर त्यांची होणारी सून, कोपरापर्यंत कचऱ्यात. त्यांनी विचारलं, पोरी, काय हरवलं? मी अंगठी म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. तर कालिंदीनं मान वर करून सरळ सांगितलं, "मावशी, तुम्ही विष खाल्लंय का ते बघतोय. जरा थांबा, बहुतेक न्हाई." दादा, तुझ्या पोरीला खोटं बोलता येत नाही, हा तुझा दोष आहे, माझा नाही. विष हा शब्द ऐकला आणि आकारामनं पान थुंकलं, दाराजवळची पिशवी उचलली आणि जो गेला तो थेट राधानगरीच्या गाडीत. म्हणून त्याला पुढचं माहीत नाही. पुढचं हे, की बादलीतलं एकूण एक मूळ बारीक निघालं, पांढरं, दोऱ्यासारखं, एकालाही फुगवटा नाही. तेव्हा मला आठवलं, की उचलतानाच मी गाठीची मुळं असलेले कांदे बाजूला टाकले होते. रोगट दिसणारा कांदा पाहुण्याच्या रश्श्यात घालायचा नाही, ही आपल्या आईची शिकवण. पास झाली म्हणून इकडं सगळे कालिंदीचं कौतुक करतात, पण झुंबरबाई वाचल्या त्या आपल्या आईमुळं. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. मी रडत नाही हे तुला माहीत आहे, पण ते रडणं फार बरं वाटलं, घामोळ्यावर गार पाणी घेतल्यासारखं.

झुंबरबाई मात्र बसून राहिल्या. गल्लीतल्या डॉक्टरनं तपासलं, काही नाही म्हणाला, तरी त्या म्हणाल्या, ऊन उतरेपर्यंत मी हितनं हलणार न्हाई, मरायचं असलं तर माझ्या खुनाचा पंचनामा तुमच्याच घरात होऊ दे. मग पोटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, ते विष करतं तरी काय? कालिंदीनं दोर, मणी, जोड्या सगळं सांगितलं आणि त्यांच्या तोंडावरची माशी हलली नाही. तेवढ्यात त्यांचे मालक म्हणाले, की हे आमच्या सासनकाठीसारखं दिसतंय. त्यांच्या भावकीची चारी बाजूंनी दोर लावून तोलायची उंच काठी आहे जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेला, आणि आमचे हे दरवर्षी गल्लीच्या काठीचा दोर धरतात हे तू जाणतोस. मग काय विचारतोस. आमची धुणं वाळत घालायची काठी उपसून परसात मधोमध उभी केली, तिच्या शेंड्याला म्हशीची जुनी दावी बांधली (म्हैस विकली तरी ह्यांनी दावी ठेवलीच होती), एकीकडं हे, एकीकडं झुंबरबाईंचे मालक, तिसरीकडं मी, आणि चौथा दोर धरायला कुणी नाही म्हणून झुंबरबाई. पोटावरचा हात काढला आणि दोर धरला. कालिंदी बुडाशी काठी उचलायला. सगळे दोर लागल्याशिवाय आणि ताण सारखा झाल्याशिवाय काठी उचलायची नाही, नाहीतर कुणाच्या तरी टाळक्यात बसते, हे पोरंसुद्धा जाणतात. आम्ही चांगभलं म्हटलं आणि कालिंदी उचलणार एवढ्यात झुंबरबाई ओरडल्या, "थांबा की, माझा दोर ढिला हाय." कालिंदी थांबली. काठी तशीच धरून त्यांना विचारते, मावशी, थांबा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगतंय कोण? दोर हातात हाय न्हवं माझ्या."

त्यावर तुझी पोरगी काठी सोडून घरात पळाली आणि लिहीत बसली. काठी ह्यांच्या खांद्यावर पडली, ते लेप लावून झोपले, आता बरे आहेत, चिंता नको.

काल तोंडी परीक्षा. रविवारी संध्याकाळी मी बाजार पालथा घालून मागच्या हंगामाचे कांदे मिळवले (नव्या कांद्याला मुळं लवकर फुटत नाहीत, हे मला आता झोपेतही सांगता येतं), तिनं बाटल्या मांडल्या, आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला बंदी. बुधवारी पहाटे मुळं आली. औषधाच्या मुळांच्या तिनं पूर्वीच करून ठेवलेल्या काचा होत्या, त्या घेऊन गेली. मी ह्यांना घेऊन बाहेर झाडाखाली बसले. पुण्याकडचे एक परीक्षक होते, त्यांनी नेमकं तेच विचारलं, की मुकादम कोण. ती म्हणाली, मला वाटतं मुकादम नसावा, दोराचा ताणच सांगत असावा, एक दोर ढिला असेल तोवर सगळे थांबत असावेत. त्यांनी विचारलं, कशावरनं? तर हिनं त्यांचीच छत्री उभी केली, चौघांच्या हातात सुतळी दिली आणि परीक्षकांना यात्रा दाखवली. ते हसले म्हणे खूप. मग म्हणाले, बाई, सासनकाठी हा पुरावा नव्हे. पण प्रश्न बरोबर धरला आहेस. पास.

बाहेर आली तेव्हा तोंडावर काही दिसू देत नव्हती, जवळ येऊन नुसती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. दादा, रविवारपासनं मी जो श्वास धरला होता तो तिथं सोडला. ह्यांनी तपकीर काढली आणि दोघींना शिंका आणल्या.

म्हणून सांगते, शनिवारी येऊ नको. तू तिकडनं ओढतोस, मी इकडनं ओढते, आणि पोरगी मधे उभी आहे ती त्यामुळंच. तू दोर सोड असं मी म्हणत नाही. सोडलास तर माझ्याही अंगावर पडेल. पण हिसका देऊ नको. वैनीला माझा नमस्कार, म्हशीला गोंजारणं, आकारामला काही नाही.

तुझी,
चिमणा

ता. क. वरती लिहायचं राहिलं. कालिंदी शनिवारीच काय, पुढची तीनेक वर्षं येत नाही. ते परीक्षक आणि तिचे सर म्हणाले, पुरावा शोधायचा तर पुढं शीक, डॉक्टर हो (सुई टोचायची नाही, दुसरी डॉक्टरकी). वडलांना विचारून सांगते असं ती म्हणाली. मी मधे पडून हो म्हणून टाकलं. म्हणजे तुझा होकार मी दिलेला आहे, आता तू फक्त तो दे.

ता. क. स्थळ गेलेलं नाही. झुंबरबाई जाताना म्हणाल्या, मी जिती हाय का ते बघायला कचऱ्यात हात घालणारी सून मला दुसरी कुठं घावणार, आणि आमचा पोरगा वकिलीला दोनदा बसलाय, तोवर हिचं व्हईल की. कालिंदी म्हणते, बघू. बघू म्हणजे तुझ्यासारखं, काय ते कुणाला कळू नये असं.

ता. क. वैनीला एक विचार. ते गाठीच्या मुळांचे रोगट कांदे मी बाजूला टाकले असं लिहिलं, ते टाकले नव्हते. मुळं फुटलेला कांदा फेकायचा नाही, लावायचा, हीही आईचीच शिकवण. म्हणून वैनीला मोरीच्या पाण्यावर लावायला मी ते आकारामच्या पिशवीत घातले होते, आणि विष म्हटल्यावर तो घरातलं सगळं विष काखेत मारून पळाला. कालिंदीनं फुगीर कुठं आहेत विचारलं तेव्हा मी दादाकडं लावलेत म्हणून सांगितलं. आता औषध सुटल्यावर मुळांत दोर परत वळतात का ते तिला त्याच कांद्यांत बघायचं आहे, म्हणून उपटू नका, शेणखत घालू नका, आणि मुख्य म्हणजे खाऊ नका. रविवारीच शेवटच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर तसा निरोप दिला होता. तो म्हणतो सांगितला, कुणाला ते त्याला आठवत नाही. तुझ्या कार्डात कांद्याचं नाव नाही. कार्ड सोमवारचं आहे आणि त्यात आम्ही सर्व खुशाल असं आहे, तेव्हा सोमवारपर्यंतची मला काळजी नाही. लावले असतील तर ह्याच कंडक्टरजवळ नुसतं लावले म्हणून सांग. खाल्ले असतील तर निरोप देत बसू नको, सगळ्यांना घेऊन ह्याच गाडीनं ये, दवाखाना आमच्या गल्लीतच आहे.